उरलेले ९६ मेगापिक्सेल

मरीन ड्राइव्हवर सेल्फी काढता काढता मागे सरकणाऱ्या एका दादाचा पाय माझ्या ट्रायपॉडला लागला आणि कॅमेरा तोंडावर आपटला. "सॉरी हां," म्हणत दादाने आधी स्वतःचा मोबाइल तपासला. तो सुखरूप होता.

कॅमेरा नवा आणि मीही या छंदात नवी. त्याच्यासोबत खोक्यातच येणारी, १८ ते ५५ मिलीमीटर झूमची 'किट लेन्स' ३५ वर अडून बसली. बॉडीला धरून ठेवणाऱ्या तिच्या प्लॅस्टिकच्या माउंटचाही टवका उडाला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने मान वर न करता "फिजिकल डॅमेज" असं लिहिलं. म्हणजे वॉरंटी नाही. कॅमेऱ्याला दुसरं कुठलं डॅमेज होतं, आध्यात्मिक? तेवढं ऐकण्याचं तपासणी शुल्क घेतलं, वर १८ टक्के जीएसटी.

मग गाठली फोर्टातली बोरा बाजार स्ट्रीट. दुरुस्तीवाल्याने भिंग डोळ्याला लावलं आणि तो गप्प झाला. बाकड्यावर आधीपासून बसलेले एक काका मात्र बोलू लागले.

"मिस्टरांचा का गं कॅमेरा?"

ओळख ना पाळख, थेट अगं-तुगं.

"माझाच आहे."

"असं? आणि काढतेस काय?"

"सध्या काहीच नाही. मोडलाय."

"तांदळात ठेवलास का?"

"काका, पडलाय तो. भिजला नाही."

"तरी ठेवायचा. कोलम घे. आंबेमोहर नको, वास लागतो."

काकांच्या मांडीवर चामड्याच्या केसमध्ये त्यांचा जुना रोलचा कॅमेरा होता. दर पावसाळ्यानंतर लेन्सवरची बुरशी काढायला ते इथे येतात म्हणे. त्यात रोल शेवटचा कधी घातला, ते त्यांना आठवत नव्हतं. बुरशीला ओल लागते आणि चामडं ओल धरून ठेवतं, एवढं मी नुकतंच वाचलं होतं. म्हणून मी त्यांना म्हणाले, ही चामड्याची केस बदला. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं.

"माझ्या भाच्याचा मोबाइल १०८ मेगापिक्सेलचा आहे. तुझा किती?"

"२४."

काकांनी दुरुस्तीवाल्याकडे पाहिलं. त्यानेही भिंगाआडून पाहिलं. माझ्यातल्या नवशिकीला राहवेना. म्हटलं, "काका, त्या मोबाइलमध्ये नऊ-नऊ पिक्सेल मिळून एक होतो. एरवी फोटो १२ मेगापिक्सेलचाच निघतो."

"मग उरलेले ९६ कुठे गेले?"

"गेले नाहीत, एकत्र झाले."

"१०८ चे पैसे घेतले, हातात १२ दिले. बाकीचे एकत्र झाले." काका सहकारी बँकेतून ऑडिटर म्हणून निवृत्त झाले होते. "असली एकत्र झालेली खाती मी आयुष्यभर पाहिलीत. व्हाउचर कुठाय?"

प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा आकार, अंधारात एकत्र झालेल्या पिक्सेलना मिळणारा जास्तीचा प्रकाश, सगळं सांगून पाहिलं. प्रत्येक वाक्यानंतर काका "ते ठीक आहे, पण ९६?" एवढंच विचारत होते. कुरिअर द्यायला आलेला मुलगाही थांबला. त्याचाही मोबाइल १०८ चाच निघाला. आता तोही माझ्याकडे संशयाने बघू लागला, जणू ते पिक्सेल माझ्या पर्समध्ये होते.

तेवढ्यात निकाल लागला. पुढच्या काचेवर ओरखडा होता, पण त्याने फोटोत फारसा फरक पडत नाही. माउंट बदलता येईल, पण आत झूमचा पट्टा तुटलाय. सगळं करायचं तर त्यापेक्षा कमी पैशात सेकंडहँड लेन्स मिळेल. "ताई, किट लेन्स कोणी रिपेअर करत नाही." मग नवशिक्याला विकता कशाला? दुरुस्त न होणारी वस्तू शिकाऊ माणसाच्याच गळ्यात का मारायची, ज्याच्या हातून नाहीतर शेजारच्याच्या पायाने ती हमखास पडणार? हे मी मोठ्याने विचारलं. उत्तर काकांनी दिलं, "म्हणून म्हणतो, मोबाइल घे."

सेकंडहँड लेन्स घेतली. तिच्यात धुळीचे दोन कण आहेत, ते चालतात, असं दुरुस्तीवाला म्हणाला. घरी येईपर्यंत सर्व्हिस सेंटरचा मेसेज आला होता, 'आमची सेवा कशी वाटली? १० पैकी गुण द्या. शक्य असल्यास फोटो जोडा.'