चूक पहिल्या पानावर, खुलासा जाहिरातींच्या खाली

सकाळचा चहा संपला नव्हता आणि ठाण्याहून आत्याचा फोन. "अरे, पोरांना घेऊन बाहेर पडा तिथनं, कोल्हापूर बुडालं म्हणून टीव्हीवर दाखवायलेत!" मी गॅलरीत उभा. खाली दूधवाला गाडी लावून निवांत पेपरवाल्याशी गप्पा हाणतोय.

टीव्ही लावला. लाल पट्टी, छाती दडपणारं म्युझिक, 'राधानगरीचे दरवाजे उघडले, कोल्हापूरला महापुराचा विळखा'. आणि दृश्यं कुठली? शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, ट्रकांच्या रांगा. 2019 ची! कोपऱ्यात 'संग्रहित' एवढं लिहायचीही तसदी नाही.

अरे बाबांनो, राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी येतं, दर पावसाळ्यात येतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं चौथीतल्या पोराला पाठ असतंय. आज पाणी इशाऱ्याच्याही खाली होतं. स्टुडिओत बसलेल्या माणसाला एक फोन करायला काय झालं होतं?

आत्याची समजूत घातली, फोन ठेवला आणि आमच्या गल्लीतली आक्का डोळ्यासमोर आली.

जुन्या मित्रांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. 2021 चा पूर. आमच्या तालमीतर्फे, म्हणजे गल्लीतल्या मंडळातर्फे, धान्याची किट वाटायचं चाललं होतं आणि याद्या लिहायला आक्का, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. चिखलीकडच्या लोकांसाठी ती रिक्षात किट भरत होती, तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी एका पेपरात पहिल्या पानावर, चार कॉलमी: 'पूरग्रस्तांच्या मदतीवर डल्ला'. चेहरा स्वच्छ दिसतोय. तिला विचारलं नाही, तालमीला विचारलं नाही, शेजारी उभ्या रिक्षावाल्याला सुद्धा विचारलं नाही.

आम्ही याद्या, पावत्या घेऊन कार्यालयात गेलो. उपसंपादक पोरगा सज्जन होता, खरंच. पाणी दिलं, ऐकून घेतलं, म्हणाला, "खुलासा घेतो." घेतला की! आतल्या पानावर, बोअर मारून मिळेलच्या जाहिरातीखाली, चार ओळी. त्यात आक्काच्या आडनावाची वेलांटी चुकलेली. म्हणजे ज्या बाईची बदनामी झाली, तिचा खुलासाही तिच्या नावावर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यात मी माघार घेणार नाही. चूक जिथं छापली तिथंच दुरुस्ती छापा. त्याच पानावर, त्याच टायपात, तेवढ्याच कॉलममध्ये. चॅनेलवाल्यांनी ज्या वेळेला खोटं दाखवलं त्याच वेळेला, तीच लाल पट्टी आणि तेच म्युझिक लावून सांगावं की आम्ही चुकलो. बघूया मग किती जुनी दृश्यं बाहेर निघतात ते.

कुणीतरी लगेच म्हणणार, पेपरांच्या तक्रारी ऐकायला प्रेस कौन्सिल आहे की. आहे. 1978 च्या कायद्यानं आहे. ते ताशेरे मारतं, समज देतं, निषेध करतं; एक रुपया दंड करायचा अधिकार त्याला नाही. आणि टीव्ही त्याच्या कक्षेतच नाही. 2009 च्या विधानसभेला पैसे घेऊन बातम्या छापल्याचा केवढा बोभाटा झाला, पत्रकार पी. साईनाथांनी एकसारखे मजकूर वेगवेगळ्या पेपरांत कसे आले ते दाखवून दिलं, कौन्सिलनं समिती नेमली, अहवाल आला. पुढं? निवडणूक आली की आपल्या गावातल्या पुरवण्या काढून बघा, पुढं काय झालं ते कळेल.

हां, मान्य, व्हॉट्सॲपवर याच्या दसपट घाण असते. पण व्हॉट्सॲपच्या काकांनी वर्गणी मागितलेली नाही.

आणि सरकारनं पत्रकारांना शिस्त लावावी असं म्हणणाऱ्यांनी कृपया या पोस्टवर लाईक करू नका. सरकारच्या हातात काठी दिली की ती पहिली कुणाच्या पाठीत बसते, हे सांगायला नको. राजापूरच्या रिफायनरीवर लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे 2023 मध्ये गाडीखाली चिरडले गेले. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे कोण असतो, ते तेव्हा तरी कळायला हवं होतं. तुटपुंजं मानधन, वर जाहिरातीचं टार्गेट, आणि बातमी लागली तर गावात वैर. आक्काचा तो फोटो ज्यानं पाठवला, तोही असलाच कुणीतरी असणार. त्याच्यावर माझा राग आता राहिलेला नाही. मथळा त्यानं दिलेला नसतो. ज्यानं दिला, तो एसीत होता.

हे आपल्याच गावात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. 1920 साली 'मूकनायक' निघाला तेव्हा बाबासाहेबांना अडीच हजार रुपये शाहू महाराजांनी दिले. ज्यांचं कुणी छापत नाही त्यांचं छापलं जावं म्हणून एका राजानं पैसे मोजलेले हे गाव. आणि कोल्हापूरच्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळेला काय झालं? एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर, गोविंद पानसरे अण्णा रस्त्यावर, पेठा रस्त्यावर. मोठमोठे लोक म्हणत होते की करार झालाय, आता काही होत नाही. गेला का नाही टोल?

मग एका खुलाशाच्या जागेसाठी आपल्याला काय जड आहे?

रविवारी सकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचं ठरवतोय. भाषणं नकोत, कात्रणं आणा. पेपरची तक्रार असेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात संपादकाचं नाव असतं, आधी त्याला लेखी पत्र द्यायचं. दाद नाही दिली तर कौन्सिलकडं, दैनिकासाठी दोन महिन्यांच्या आत. चॅनेलची असेल तर तारीख, वेळ लिहून ठेवा, रेकॉर्डिंग ठेवा आणि सात दिवसांच्या आत आधी चॅनेललाच लिहा. आजच्या बुलेटिनचं पत्र मी दुपारीच मेल केलं, मसुदा कमेंटमध्ये टाकतोय, नावगाव बदलून वापरा.

आक्काला विचारलं, येणार का. म्हणाली, "मी यादी लिहिते, पण फोटोत मला घेऊ नका." तेवढं पाळा.

आणि माझा मेहुणा एका पेपरात आहे, त्याला टॅग करत नाही. तो वाचतोच.