‘एजंट टाळा, दलाली वाचवा’ : खुलासा
नवं घर बघायला एजंटशिवाय गेलं की दलालीएवढी किंमत आपोआप कमी होते, असा मेसेज सध्या फिरतोय. ते खरं नाही. नव्या प्रकल्पात एजंटचं कमिशन बहुधा बिल्डरच देतो, आणि ते विक्रीखर्चात आधीच धरलेलं असतं. एजंट नसला तर ती रक्कम बिल्डरकडेच राहू शकते. सूट मागावी लागते, तीही लेखी. सॅम्पल फ्लॅट हसतमुखाने दाखवणारा माणूस बिल्डरचा पगारी असतो, हे मात्र मेसेजवाले सोयीस्कर विसरतात! एजंट घ्यायचाच असेल तर पहिल्या भेटीतच सोबत न्या. एकट्याने नाव नोंदवून आलात, तर नंतर आणलेल्या एजंटला बरेच बिल्डर मानत नाहीत. आणि त्याचे पैसे कोण देणार, हे आधीच विचारा.