पावडर न घेता पण अंग भरतंय

एका लेखात वाचलं की प्रोटीन पावडरशिवाय मसल बनतच नाही, हे मला अजिबात पटलं नाही. मी लातूरकडचा, वजन ६५ किलो. व्यायाम करणाऱ्याला किलोमागं साधारण दीड ग्रॅम प्रोटीन लागतं म्हणजे माझं झालं शंभरच्या आसपास, आणि ते घरातच निघतं की. चार अंड्यांत २४, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत २५-२६, अर्धा लिटर दुधात १६, मूठ दोन मूठ शेंगदाण्यात १२, उरलेलं ज्वारीची भाकर, वरण अन् मटकीच्या उसळीतून. सोयाबीन तर आपल्याच रानात पिकतंय, आपण ते मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात घालतो अन् पावडरचा डबा विकत आणतो!

मला पण जिमवाल्यानं पहिल्याच महिन्यात तीन हजाराचा डबा गळ्यात मारला होता. तीन महिन्यात फरक शून्य, कारण झोप पाच तास आणि रोज तेच वजन तेवढ्याच वेळा उचलायलो होतो. खरी गोष्ट इथंय बघा, स्नायूवर दर आठवड्याला थोडा जास्त ताण पडला पाहिजे, दोन दंड जास्त नाहीतर अडीच किलो जास्त, नाहीतर शरीराला वाढायची गरजच काय. आपल्या जिल्ह्यातले रुस्तुम-ए-हिंद पैलवान हरिश्चंद्र बिराजदार ज्या काळात घडले तेव्हा तालमीत कुठं डबे होते, जोर-बैठका अन् खुराकच की.

बारावीची पोरं घरी खोटं बोलून डबे घ्यायलेत, त्यांच्यासाठी एवढं लिहिलं. फक्त किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरला विचारा.