ब्रेक्झिट झालं, पण स्ट्रासबर्ग सुटलेलं नाही

एलएलएमसाठी (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी) ब्रिटनला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ब्रेक्झिटनंतर ब्रिटन युरोपीय मानवाधिकार न्यायालयातून बाहेर पडलं, तो विषय घेऊ नका.’ हे चूक आहे.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटनने सोडला तो युरोपीय संघ. त्याचं न्यायालय लक्झेंबर्गला. मानवाधिकार न्यायालय फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला, आणि ते ४६ देशांच्या ‘कौन्सिल ऑफ युरोप’चं. ब्रिटन आजही तिचा सदस्य आहे, त्याचा न्यायाधीशही तिथे बसतो. जून २०२२ मध्ये, म्हणजे ब्रेक्झिटनंतर, आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला नेणारं विमान शेवटच्या क्षणी थांबलं, ते याच न्यायालयाच्या अंतरिम आदेशांनंतर. (घोळ ब्रिटिश मतदारांचाही होतो, मेसेज लिहिणाऱ्याला फार बोलत नाही.)

लक्झेंबर्गमध्ये काम करायचं असेल, तर मात्र फ्रेंच शिका; न्यायाधीशांचा आपसांतला विचारविनिमय त्याच भाषेत चालतो.