प्रश्नाचे शेवटचे क्रियापद

बारावीच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका मी अनेक वर्षे तपासत आलो आहे, आणि विषयाची उत्तम माहिती असलेली मुले केवळ प्रश्न पुरता न वाचल्यामुळे गुण गमावतात, हे पाहताना आजही मला वाईट वाटते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘दख्खनच्या दंग्यांची कारणे स्पष्ट करा’ आणि ‘दख्खनच्या दंग्यांच्या परिणामांचे मूल्यमापन करा’ या दोन्ही प्रश्नांची सुरुवात सारखीच आहे. ते पहिले शब्द दिसताच पाठ केलेले उत्तर आठवते आणि नजर शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचण्याआधीच लेखणी चालू लागते. इंग्रजी प्रश्नात काय करायचे ते बहुधा आरंभीच सांगितलेले असते. आपल्याकडे ते शेवटी येते, म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रश्न शेवटाकडून वाचायला सांगतो.

हाच विषय घेऊन पाहू. ‘वर्णन करा’ म्हटले की घटना क्रमाने सांगायची: १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, त्यांनी कर्जाची खते आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले. ‘कारणे स्पष्ट करा’ म्हटले की नुसती यादी चालत नाही, दुवे जोडावे लागतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, त्यामुळे इथल्या कापसाचे भाव चढले आणि शेतकऱ्याला सहज कर्ज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, पण त्याच सुमारास झालेल्या फेरआकारणीने शेतसारा मात्र वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. या उत्तरातून ‘त्यामुळे’ आणि ‘पण’ हे शब्द काढून टाकले, तर उरते ती माहिती, स्पष्टीकरण नव्हे.

‘विश्लेषण करा’ हा शब्द आला की मुले तीच कारणे पुन्हा लिहितात आणि उत्तर अधिक लांबवतात. खरे तर इथे घटनेची उकल करायची असते. जमावाने माणसांपेक्षा कागदांवर राग का काढला, असा प्रश्न स्वतःला विचारला तर बरेच काही उलगडते: इंग्रजी न्यायालयात खत हाच पुरावा होता, निरक्षर शेतकऱ्याने त्यावर केलेली निशाणी त्याच्यावर बंधनकारक ठरत होती, आणि त्याच कागदाच्या आधारे त्याची जमीन जात होती. कागद जाळणे हा अविचार नव्हता, त्यामागे त्या व्यवस्थेची नेमकी जाण होती. असे एक निरीक्षण मला दोन पाने भरून लिहिलेल्या माहितीपेक्षा मोलाचे वाटते.

‘मूल्यमापन’ या शब्दातच मापन आहे, म्हणून माप कोणते ते आधी सांगितले पाहिजे. दंग्यांनंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कर्जापायी होणाऱ्या अटकेपासून मिळालेले संरक्षण हे माप धरले, तर दंग्यांचा परिणाम मोठा ठरतो. शेतसाऱ्याचे ओझे हे माप धरले, तर तो तोकडा ठरतो. दोन्ही उत्तरे पूर्ण गुणांची आहेत. केवळ ‘अशा प्रकारे हे दंगे महत्त्वाचे होते’ असे लिहून संपणारे उत्तर तसे नाही.

‘टीकात्मक परीक्षण करा’ या शब्दांनी तर फारच घोटाळा होतो. टीका म्हणजे दोष काढणे असे समजून मुले उणिवांची जंत्री देतात. पण ज्ञानेश्वरीलाही आपण गीतेवरची टीकाच म्हणतो. अर्थ उलगडणे, आधार तपासणे आणि मग मत देणे हे सारे त्या शब्दात येते.

राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यामुळे हा प्रश्न बारावीपुरता राहिलेला नाही. दशकाहून अधिक काळ चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव झालेल्या उमेदवारांपुढे आता सामान्य अध्ययनाच्याच प्रत्येकी २५० गुणांच्या चार प्रश्नपत्रिका आहेत. त्यांच्या वाचनाविषयी मला शंका नाही. काळजी वाटते ती ‘चर्चा करा’ आणि ‘स्पष्ट करा’ यांतला फरक त्यांना कोणी कधी शिकवलाच नाही याची. याचा दोष मी आम्हा शिक्षकांना देतो. आम्ही फळ्यावर प्रश्न लिहितो, उत्तर सांगतो, मुले उतरवून घेतात. या क्रमात क्रियापदाचा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर येतच नाही.

आता मी वर्गात एकाच विषयावर पाच क्रियापदे देतो आणि प्रत्येकासाठी उत्तराचे फक्त पहिले वाक्य लिहायला लावतो. मागच्या खेपेला प्रश्न होता: ‘दख्खनच्या दंग्यांना सावकारच जबाबदार होते, या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात?’ बहुतेकांनी दंग्यांची तारीख लिहिली. एका मुलीने लिहिले: ‘मी अंशतः सहमत आहे, कारण सावकार गावात समोर दिसत होता, पण शेतसारा ठरवणारे सरकार सुप्याच्या पेठेत बसलेले नव्हते.’