गुळाच्या ढेपेचे वारसदार

सांगलीत राहायचं आणि घरात गुळाची ढेप नाही, हे शोभत नाही. आमच्याकडे ढेप आहे, म्हणून डोंगळेही आहेत. खडूची रेघ मारून झाली. हळद टाकून झाली. पण हळदही सांगलीचीच, घरची समजून त्यांनी ती खुशाल तुडवली. शेवटी मी चप्पल उचलली, तर कृषी महाविद्यालयात शिकणारा भाचा ओरडला, "मामा, थांबा की! आधी ओळख तरी पटू दे."

त्यानं एक डोंगळा बरणीत घालून भिंग लावलं. कमरेला एकच गाठ, पाठ सलग वाकलेली. "कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस! १७८७ साली फॅब्रिशियसनं नाव दिलं तेव्हा हा फॉर्मिका प्रजातीत होता. १८६१ साली मायरनं कॅम्पोनोटस ही वेगळी प्रजाती काढली, मग हा तिकडं गेला." म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदललं, ढेपेवरचा कब्जा कायम!

कॅम्पोनोटसांना सुतार मुंग्या म्हणतात, हे ऐकून बायको आधी सागवानी चौकटीकडं धावली. "मामी, त्या लाकूड खात नाहीत, राहायला पोखरतात. आणि ही जात बहुधा झाडाच्या बुडाशी मातीतच राहते." वारूळ खरंच शेवग्याखाली निघालं. तिथून पावट्याच्या वेलापर्यंत रांग. वेलावरच्या माव्याचा गोड पाझर प्यायचा आणि बदल्यात त्याची राखण करायची. मी पावट्याला घातलेलं शेणखत कुणाच्या कामी आलं, ते तेव्हा कळलं.

आईचं वर्गीकरण निराळं. मोठ्या डोक्याचा तो डोंगळा, त्याला चप्पल. मधला मुंगळा, त्याला झाडू. बारकी ती मुंगी, तिला चिमूटभर साखर. भाचा म्हणाला, "आज्जी, ह्या सगळ्या एकाच राणीच्या लेकी. कामाप्रमाणं अंगानं लहानमोठ्या, एवढंच." आई मटकन बसली. इतकी वर्षं धाकटीला साखर घालून मिळवलेलं पुण्य थोरलीच्या खात्यातून वजा होत होतं.

एवढ्यात एका थोरलीनं माझा अंगठा धरला. जबडा रुतवला, पोट पुढं वळवलं आणि आग आग झाली. ओढली तर धड हातात आलं, डोकं अंगठ्यालाच.

"नांगी नसते ना रे यांना?" मी कळवळलो.

"नसतेच. चावून जखमेत फॉर्मिक आम्ल सोडतात, पोटाच्या टोकाच्या भोकातून." त्यानं ते धड हळूच चिमट्यात धरून भिंगाखाली नेलं. "हे बघा, गोल भोक! फॉर्मिसिनी उपकुळ पक्कं. मामा, तेवढं डोकं काढताना जपून हं, नमुना पुरा लागतो."