टर्की सोडून बाकी सगळं

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणात शाकाहारी माणसाला सगळ्यात कमी त्रास टर्की या भाजलेल्या पक्ष्याचा होतो. ती टेबलाच्या मधोमध तंगड्या वर करून उघडपणे पहुडलेली असते, त्यामुळे चुकून पानात यायची भीती नाही. दगा देतात ते तिच्या आजूबाजूचे सभ्य चेहऱ्याचे पदार्थ. त्यात सोबत पाच वर्षांचं पोर असेल, तर अमेरिकेतल्या मराठी आईबापांनी या सणाचा दिवस, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, हा परीक्षेचा दिवस समजावा. १९४१ साली तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदाच करून तो पक्का केला आहे, म्हणजे पुढे ढकलायचीही सोय नाही.

रताळ्याचंच बघा. एकादशीला चालणारं, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं रताळं. तिथे त्याचा लगदा करून त्यात लोणी आणि ब्राऊन शुगर घालतात आणि वर मार्शमेलोचा थर देऊन भाजतात. मार्शमेलोत जिलेटीन, आणि जिलेटीन जनावरांच्या कातड्याहाडांचं. उपवासाचं रताळं असं भर जेवणात बाटतं. पोराला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात फक्त पांढऱ्या फुगऱ्या उश्या. बिनजिलेटीनचे मार्शमेलो मिळतात, ते आपणच घेऊन जावेत. मात्र ते नेहमीच्यांसारखे वागतीलच असं नाही: कधी वितळून सपाट होतात, कधी नुसते करपतात. म्हणून रताळं आधी पूर्ण भाजून घ्यायचं, मार्शमेलो शेवटच्या दोनतीन मिनिटांत वर टाकायचे आणि तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलायचं नाही.

स्टफिंग म्हणजे ब्रेड, कांदा, सेलरी, लोणी. ऐकायला सोवळं, पण भिजवतात ते चिकनच्या ब्रॉथमध्ये, म्हणजे कोंबडी उकळलेल्या पाण्यात, शिवाय काही घरी ते टर्कीच्या पोटातच शिजतं. ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थाचं आवरण कधीकधी लार्डचं असतं, म्हणजे डुकराच्या चरबीचं. वूस्टरशर सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही मासे असतात. फरसबीच्या कॅसरोलमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या भाजीत, मश्रूम सूपचा डबा रिकामा करतात. त्यावरची बारीक अक्षरं वाचावीत, कारण दुकानात त्याच्या शेजारीच अगदी जुळ्या भावासारखा क्रीम ऑफ चिकनचा डबा उभा असतो. निर्धास्त खावी ती क्रॅनबेरी. ३४० ग्रॅमची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी. दहा मिनिटांत फळं फटाफट फुटतात. गरम असताना पातळ दिसतं म्हणून आटवत बसू नये. फळातल्या पेक्टिनने ते गार झाल्यावर आपोआप धरतं. जास्त आटवलं तर चमचा उभा राहतो.

यजमानांना आठवडाभर आधी फोन करायचा, पण ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढ्यावर थांबायचं नाही. त्याचं उत्तर ‘हो हो, ब्रॉथच तर आहे, त्यात मांस कुठे?’ असं प्रेमाने येतं. त्यापेक्षा ‘स्टफिंग आणि ग्रेव्ही आम्ही आणतो’ असं सांगावं. यजमानांनाही हायसं वाटतं.

स्टफिंगसाठी ४५० ग्रॅम ब्रेडचे तुकडे आदल्या रात्री उघडे ठेवून कडक वाळवावेत, नाहीतर लापशी होते. दोन मोठे कांदे आणि तीनचार दांड्या सेलरी ११० ग्रॅम लोण्यात परतायची, भाज्यांचं सुमारे ६०० मिली पाणी थोडं थोडं शिंपडत मुरवायचं, सेज हा वासाचा पाला घालून भाजायचं. सेजऐवजी मोहरी-हळद पडली की त्याचा फोडणीचा ब्रेड होतो. माझ्या मते तो जास्त चांगला लागतो, पण हे यजमानांच्या देखत बोलू नये. ग्रेव्हीला चार चमचे लोणी, चार चमचे मैदा, मश्रूम उकळलेलं अर्धा लिटर पाणी आणि रंगाला चमचाभर सोया सॉस. पाणी एकदम ओतलं की गुठळ्या, आणि गुठळी पहिली सापडते ती पोरालाच.

खरी अडचण निराळीच. पोराला चव नको असते, मधोमध काहीतरी मोठं, सोनेरी, सुरीने कापायचं हवं असतं. टोफूचे तयार रोस्ट मिळतात, मोठ्यांनी खावेत. त्यापेक्षा भरलेला भोपळा करावा. दोन किलोचा, गोड जातीचा, ज्याला तिथे शुगर पंपकिन म्हणतात. हॅलोविनचा कोरायचा भोपळा उरलाय म्हणून वापरू नये, तो पाणचट आणि दोरखंडी निघतो. झाकण कापून बिया काढायच्या, आतून मीठ चोळायचं आणि १९० अंश सेल्सिअसवर रिकामाच, उपडा, पाऊण तास भाजायचा. ही पायरी गाळली तर आतला भात रटरटतो आणि भोपळा कच्चाच राहतो. मग सुलटा करून आत साठलेलं पाणी टिपायचं, मटार-काजूचा मसालेभात भरायचा आणि पुन्हा अर्धा तास. सुरी सहज गेली की बाहेर. त्यानंतरही ओव्हनमध्ये ठेवला तर उचलताना बूड खाली राहतं आणि भोपळा वर येतो. म्हणून तो भाजायचा त्याच उथळ भांड्यातून टेबलावर न्यावा.

जेवण दुपारी तीनचं सांगितलेलं असतं आणि मिळतं पाचला. पोराला घरून वरणभात खाऊ घालून न्यावं. भुकेलं पोर तत्त्वाला धरून राहत नाही. आपलं भांडं रांगेत सगळ्यात पुढे ठेवावं, स्वतःच्या डावासकट. टर्कीच्या ग्रेव्हीतला डाव फिरत फिरत आपल्याकडे येतोच.

‘यक’ म्हणायचं नाही, ‘नो थँक यू’ म्हणायचं, हे घरी घोकून घ्यावं. प्रश्नांची मात्र तालीम होत नाही. शाळेत पंजा गिरवून त्याची टर्की केलेली असते, तिला नावही ठेवलेलं असतं. शिवाय १९८९ पासून राष्ट्राध्यक्ष टर्कीला जाहीर माफी देतात, तेही बाईंनी सांगितलेलं असतं. मग यजमान सुरीला धार लावत असताना, सगळे गप्प असताना, खणखणीत आवाजात विचारणा होते: ‘हिला का नाही दिली माफी? हिने काय केलं होतं?’ अशा वेळी भोपळ्याचं झाकण उघडावं. वाफ बरीच येते.